पार्करन : इथे शेवटचा नंबर मिळत नाही

गुण आधीच देऊन टाकते, म्हणजे घाईतल्या माणसांना पुढचं वाचायला नको. पार्करनला, म्हणजे शनिवारी सकाळी बागेत पळण्या-चालण्याच्या उपक्रमाला, 100 पैकी 91. नऊ कशाचे कापले ते येईल ओघात. पस्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पेपर तपासलेत. गुणांची खिरापत वाटायची सवय नाही.

मी साताऱ्याची, वय 62. सप्टेंबरात लेकीकडे इंग्लंडला गेले आणि फेब्रुवारीअखेर परत आले. लेक-जावई लंडनबाहेरच्या एका गावात राहतात. दोघं सकाळी आठला घर सोडायची, नात शाळेत. पहिला आठवडा मी घर आवरलं, डबे घासून चकचकीत केले. मग आवरायला काही उरेना. दुपारी साडेतीनपर्यंत माणसाचा आवाज नाही. शेजारीण दिसली की हसायची, हवेबद्दल एक वाक्य बोलायची आणि आत जायची. ह्यांना जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. साताऱ्यात निदान दूधवाला असतो, कामवाली असते, वरच्या मजल्यावरच्या वहिनी असतात. तिथे मी स्वयंपाकघरातल्या घड्याळाशी बोलायला लागले होते. "झाले का रे दोन?" असं. लेकीने ते ऐकलं.

एका शुक्रवारी रात्री तिने मला न विचारताच माझं नाव नोंदवलं आणि एक छापील कागद हातात ठेवला.

"आई, उद्या नऊला बागेत जायचं. पाच किलोमीटर."

"अगं, मी काय पळणार?"

"चाल की. पळ म्हणतंय कोण?"

आता माहिती. दर शनिवारी सकाळी, इंग्लंडात नऊ वाजता, ठरलेल्या बागेत पाच किलोमीटर. पळा, चाला, दोन्ही करा. पैसे नाहीत. नाव एकदाच नोंदवायचं. मग आपल्याला एक क्रमांक आणि बारकोड मिळतो आणि तो जन्मभर चालतो. कुठल्याही गावच्या पार्करनला तोच. वीसहून जास्त देशांत हे चालतं. बागेत काम करणारी सगळी माणसं स्वयंसेवक, वरचा खर्च पुरस्कर्ते आणि देणग्यांवर. शेवटच्या रेषेवर एक जण वेळ नोंदवतो, दुसरा आपल्या हातात क्रमांकाची छोटी चकती देतो. ती चकती आणि आपला बारकोड तिसऱ्याला दाखवायचा, तो दोन्ही मोबाइलवर टिपून घेतो. घरी जाऊन आंघोळ करेपर्यंत निकाल ईमेलवर. एवढ्या वेळात आमच्याकडे हजेरीपटावर शिक्कासुद्धा बसत नाही.

पहिल्या शनिवारी मी पंजाबी ड्रेस, वर जावयाचं जुनं जाकीट आणि साताऱ्यात पोवई नाक्यावरून घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट अशा थाटात गेले. वाटलं होतं लोक बघतील. कुणी बघितलं नाही. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन आली होती, एक जण कुत्रा घेऊन, आणि एका आजोबांच्या पायात चक्क ऑफिसचे बूट होते. नऊला सगळे सुटले. दहा मिनिटांत माझ्यापुढे मोकळा रस्ता आणि मागे, मला वाटलं, कुणीच नाही.

मागे एक उंच, सत्तरीचा गृहस्थ होता, भडक रंगाचं जाकीट घातलेला. मी हळू झाले की तो हळू. बुटाची नाडी बांधायला थांबले तर तोही थांबला. मला अवघडल्यासारखं झालं. माझ्या मोडक्या इंग्रजीत म्हटलं, तुम्ही पुढे व्हा, माझ्यामुळे खोळंबा नको. तो म्हणाला, "मी पुढे गेलो तर माझी नोकरी जाईल."

मला आधी कळलंच नाही. घरी लेकीने उलगडून सांगितलं. प्रत्येक पार्करनला एक स्वयंसेवक ठरवून सगळ्यांच्या मागे चालतो, त्याला टेल वॉकर म्हणतात. त्याचं काम एवढंच, शेवटी येणं. तो रेषेवर पोहोचेपर्यंत सामान आवरायचं नाही. म्हणजे तुम्ही कितीही रमतगमत चाला, शेवटचा नंबर तुम्हाला मिळत नाही. तो आधीच कुणीतरी घेऊन ठेवलेला असतो.

माझ्यासारख्या मास्तरणीला हे पचायला दोन दिवस लागले. मी जन्मभर पहिला, दुसरा, तिसरा काढले. क्रीडा महोत्सवात शेवटून येणारं पोर मैदान अर्धवट सोडून पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभं राहायचं, आणि आम्ही बक्षीस समारंभाच्या गडबडीत. त्याच्या मागून चालायला कुणाला पाठवावं, हे मला एकदाही सुचलं नाही.

असो. त्या गृहस्थांनी मला उरलेला सगळा रस्ता त्यांच्या भाजीच्या वाफ्यातल्या बटाट्यांबद्दल सांगितलं. बटाट्यापुरतं इंग्रजी मला येतं. 58 मिनिटांत पोहोचलो. रेषेवर बारा-पंधरा माणसं टाळ्या वाजवत उभी होती, मला वाटलं मागून कुणी मोठा माणूस येतोय.

पुढची फजिती सर्वस्वी माझी. बारकोडचा कागद घरी फ्रिजवर राहिला होता. बारकोड नसेल तर चकती तिथेच परत करायची असते. मी ती बक्षीस समजून खिशात टाकली आणि घरी आणली. दुपारी निकाल पाहिला तर माझ्या जागी 'अननोन'. नापासांच्या यादीतसुद्धा नाव असतं हो! पुढच्या शनिवारी चकती परत करायला गेले ती सोबत साताऱ्याहून आणलेले कंदी पेढे घेऊन. तिथली व्यवस्था पाहणाऱ्या मुख्य बाईंनी पेढा हातात धरून विचारलं, हा करपलाय का? खाल्ल्यावर दुसरा मागितला.

तेव्हापासून बारकोड मोबाइलमध्येच ठेवला. तसं चालतं.

निकालात एक गंमत असते, वयानुसार टक्के. तुमच्या वयाच्या बाईची किंवा पुरुषाची जगातली जी सर्वोत्तम वेळ, तिच्याशी तुमची वेळ ताडून पाहतात. नावानिशी पहिला निकाल आला तेव्हा 32 टक्के होते, म्हणजे आमच्या हिशेबाने सरळ नापास. ते 32 मला आठवडाभर टोचले. मग मी तिसऱ्या बाकापासून कचरापेटीपर्यंत पळायचं ठरवलं, पुढच्या वेळी कचरापेटीपासून पुलापर्यंत. नोव्हेंबरात 35 ओलांडले. परतायच्या आधी 49 मिनिटं आणि 38 टक्के झाले. तृतीय श्रेणी, पण उत्तीर्ण.

गुडघ्यांचं म्हणाल तर पहिले तीन आठवडे रविवारी जिना उतरताना देव आठवायचे. मग आठवेनासे झाले. झोप मात्र पहिल्याच शनिवारपासून लागली. घड्याळाशी बोलणं कधी बंद झालं ते नेमकं सांगता येत नाही, बहुतेक ऑक्टोबरातच. शुक्रवारी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचे कपडे खुर्चीवर काढून ठेवायचे, एवढ्यानेच आठवड्याला टोक आल्यासारखं वाटायचं. लेक म्हणाली की तिकडे 2018 पासून डॉक्टरांच्या संघटनेने पार्करनशी हातमिळवणी केलीय; गल्लीतले डॉक्टर एखाद्याला गोळ्यांबरोबर, क्वचित गोळ्यांऐवजी, 'शनिवारी बागेत जा' असं सुचवतात. मला ते डॉक्टरांआधी लेकीने सुचवलं.

पण माझं खरं मन लागलं ते चालण्यापेक्षा कामात. चार शनिवारी मी स्वयंसेवक झाले. पहिल्या वेळी बारकोड टिपायचं काम मिळालं. शिकायला पाच मिनिटं लागली. "बारकोड प्लीज, थँक्यू, वेल डन" एवढ्या भांडवलावर दोनशेच्या वर माणसांशी बोलले. घामेजलेली, चिखलाने भरलेली, धापा टाकणारी माणसं रांगेत शिस्तीने उभी आणि प्रत्येक जण मला थँक्यू म्हणतोय. निवृत्तीनंतर चार वर्षांत माझ्यापुढे अशी रांग लागली नव्हती. नंतर सगळ्या चकत्या क्रमाने लावायच्या असतात. त्या कामाला मी कुणाला हात लावू दिला नाही. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावलेले हात आहेत.

नोव्हेंबरात जावयांनी बुशी पार्कला नेलं. हे पार्करनचं मूळ ठिकाण, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याला लागून. चेस्टनटच्या झाडांचा लांबच लांब रस्ता आणि हरणं मोकळी फिरतायत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सेनापती आयझेनहॉवरचं मुख्यालय याच बागेत होतं. इथे 2 ऑक्टोबर 2004 ला 13 माणसं पळाली आणि पाच जणांनी व्यवस्था पाहिली. पॉल सिंटन-ह्यूइट नावाच्या माणसाने हे सुरू केलं. दुखापतीमुळे त्याला स्वतःला पळता येत नव्हतं, पण पळणाऱ्या मित्रांची गाठभेट सुटायला नको होती. सुरुवातीला क्रमांकाच्या चकत्या म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वायसर वापरले. हे ऐकून मला फार बरं वाटलं. आमच्या शाळेत शाळा समितीच्या निवडणुकीला चिंचोके वापरले होते.

तरी खरं सांगते, पहिल्यांदा जाणाऱ्याने बुशीला जाऊ नये. तिथे दिवाळीच्या आदल्या दिवशीच्या एस.टी. स्टँडसारखी गर्दी. हरवायला होतं. आपल्या गल्लीजवळची लहानशी बाग बघा, जिथे तिसऱ्या शनिवारी तुम्ही आला नाहीत तर चौथ्या शनिवारी कुणी विचारेल.

आता कापलेले गुण. तीन स्वच्छतागृहांचे. ती बागेची असतात, पार्करनची नव्हेत, हे मान्य. पण साठीच्या बाईला थंडीत पाच किलोमीटर चालायला बोलावताना हा विचार आधी हवा. घरून निघताना चहा घेऊ नका, एवढंच सांगेन. दोन चिखलाचे, माझे पांढरे बूट डिसेंबरात गेले, जुने बूट न्या. दोन सुरुवातीच्या सूचनांचे. नवख्यांना बाजूला घेऊन सगळं समजावतात, पण घोडदौडीच्या इंग्रजीत. शेजारच्याला विचारायला लाजू नका, त्यालाही अर्धंच कळलेलं असतं.

राहिले दोन. हे मी रागाने कापलेत. 25 वेळा पूर्ण केलं की टप्प्याचा खास टीशर्ट घेता येतो (विकतच, पण कमावल्याशिवाय मिळत नाही). मग 50, 100 असे टप्पे. दहाचा टप्पा फक्त लहान मुलांना. आता व्हिसा सहा महिन्यांचा, म्हणजे शनिवार 26. त्यातला एक विमानप्रवासात, एक जेट लॅगमध्ये, दोन सर्दीत, आणि एक बागेत बर्फ जमून रद्द झाला. तो फेसबुकवर कळवला होता. मी न बघता जाऊन हात चोळत परत आले. नाताळच्या दिवशी बऱ्याच ठिकाणी जादा पार्करन असतं, तेही सोडलं नाही. पण पहिला 'अननोन' मोजला गेला नाही आणि कामाच्या चार शनिवारांपैकी तीन न चालता गेले, म्हणून 18 वरच अडकले. आजीआजोबांसाठी 15 चा टप्पा काढावा, अशी माझी लेखी सूचना आहे.

मुलांचं वेगळं असतं, रविवारी दोन किलोमीटर, चार ते चौदा वयाची. नातीला तेच आवडतं. शनिवारी ती माझ्याबरोबर आली की कंटाळते, कारण अकरा वर्षांच्या आतल्या मुलांनी मोठ्यांच्या हाताच्या अंतरावर राहायचं असतं आणि "आजी, तुझा हात फार मागे असतो."

साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनशी याची तुलना लोक करतात. करू नये. ती 2012 पासून सप्टेंबरात होते, यवतेश्वरचा घाट चढून 21 किलोमीटर, 2015 ला गिनीजमध्ये नोंद झाली. मीही दर वर्षी रस्त्याकडेला उभी राहून मुलांसह टाळ्या वाजवल्यात. ती वार्षिक परीक्षा. हे शनिवारचे वर्ग आहेत, हजेरी लावली की झालं.

निघण्याआधीच्या शनिवारी मुख्य बाईंनी विचारलं, आज काय काम करशील? टेल वॉकर म्हटलं. पुढे एक तरुण मुलगी होती, पहिलीच वेळ, मध्येच बाकावर बसली आणि रडायला लागली. कशासाठी ते विचारण्याइतकं इंग्रजी माझ्याकडे नव्हतं. मीही शेजारी बसले. थंडी मरणाची होती. थोड्या वेळाने उठली, आम्ही पोहोचलो. एक तास नऊ मिनिटं. रेषेवर सगळे थांबले होते.

साताऱ्यात पार्करन नाही. आता शनिवारी साडेसहाला वरच्या मजल्यावरच्या वहिनी, खालच्या काकू आणि मी कासच्या रस्त्याला निघतो. काकू भराभर पुढे जातात. वहिनींचा उजवा गुडघा दुखतो. परवा घाट सुरू झाला तिथे त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पुढे व्हा बाई, माझ्यामुळे खोळंबा नको."

मी म्हटलं, पुढे गेले तर माझी नोकरी जाईल.

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. "अहो, चार वर्षं झाली ना तुम्हाला निवृत्त होऊन?"