ऑटोक्रॉससाठी शॉक-स्प्रिंग बदलले, त्याला आठ महिने झाले

पहिल्याच दिवशी लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच तारे देऊन मोकळा झालो असतो. महिन्याभराने लिहिलं असतं तर एकच दिला असता, आणि तो माझ्या अडाणीपणाबद्दल मालाला बसला असता. म्हणून आठ महिने थांबलो.

गाडी साधी हॅचबॅक. इंजिनची ताकद पुढच्या चाकांना, पुढे मॅकफर्सन स्ट्रट (शॉक आणि स्प्रिंग एकत्र बसवलेला उभा खांब), मागे टॉर्शन बीम (मागची दोन चाकं जोडणारी, पिळ खाणारी आडवी तुळई). रोज कामावर जायची गाडी तीच आणि महिन्यातून एखाद्या रविवारी ऑटोक्रॉसमध्ये, म्हणजे प्लॅस्टिकचे शंकू (आम्ही त्यांना कोन म्हणतो) मांडून आखलेल्या वाटेवर घड्याळाविरुद्ध, पिळून काढायची तीही तीच. कंपनीची पुढची स्प्रिंग 2.2 किलो प्रति मिलिमीटर होती, म्हणजे 2.2 किलो भार आला की एक मिलिमीटर दबणारी. त्या जागी पुढे 5 आणि मागे 6 ची घातली. सोबत मोनोट्यूब (एकाच नळीचे) शॉक, म्हणजे स्प्रिंगचं झुलणं आवरणारे दांडे. त्यांचा रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत लांबताना होणारा विरोध, 16 क्लिकमध्ये कमी-जास्त करता येतो. स्प्रिंग सव्वादोन पट कडक झाली की तिला आवरायला शॉकचा जोरही साधारण दीडपट लागतो. जुन्याच शॉकवर नुसत्या कडक स्प्रिंग चढवल्या तर गाडी कोनांमधून बेडकासारखी उड्या मारत जाते. हा प्रयोग एका मित्राने करून पाहिलाय, मला करायची गरज पडली नाही.

मागे पुढच्यापेक्षा कडक स्प्रिंग बघून अनेकांनी भुवया उंचावल्या. स्प्रिंगवर छापलेला आकडा चाकापर्यंत तसाच पोहोचत नाही, हे त्यातलं गुपित. माझ्या गाडीत मागची स्प्रिंग बीमवर चाकाच्या बरीच पुढे बसते. चाक 10 मिमी उचललं की स्प्रिंग साडेसातच मिमी दबते. हे गुणोत्तर दोनदा गुणायचं, म्हणजे 6 चे चाकापाशी उरतात जेमतेम 3.4. पुढे स्ट्रट जवळजवळ चाकाबरोबरच हलतो, त्यामुळे 5 चे साडेचार उरतात. त्यात मागचं टोक हलकं. हिशेब केला तर पुढची बाजू सेकंदाला साधारण 2 वेळा झुलायला बघते आणि मागची 2.2 वेळा. मूळ स्प्रिंगवर पुढचा आकडा 1.3 च्या आसपास होता. मागची बाजू थोडी कडक ठेवली की वळणात नाक बाहेर पळायची खोड कमी होते, आणि अशा गाड्यांची जन्मजात खोड तीच.

आता माझी चूक. कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारा शॉक-स्प्रिंगचा संच, हातात आले की गाडी खाली बसवायचा मोह होतो. मी चांगली 45 मिमी खाली घेतली. काय दिसत होती! पहिल्या स्पर्धेत मात्र लांब वळणाच्या मध्यावर पुढची चाकं अचानक पकड सोडायची, स्टिअरिंग कितीही फिरवा. वेळ जुन्या सस्पेन्शनपेक्षाही वाईट. मी रिबाउंड कडक केला, अजून बिघडलं. घरी येऊन पुढच्या शॉकच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकचा झिप टाय बांधला आणि नेहमीच्या रस्त्यावर दोन चकरा मारल्या. शॉक दबला की टाय सरकतो, आणि तो थेट बंप स्टॉपला, म्हणजे शॉक पूर्ण दबू नये म्हणून लावलेल्या रबराच्या गुटक्याला, जाऊन टेकला होता. म्हणजे वळणात गाडीचा भार स्प्रिंगवर नव्हताच, त्या गुटक्यावर होता. गुटका दाबला गेला की त्या चाकाची स्प्रिंग एका क्षणात कितीतरी पट कडक झाल्यासारखी होते आणि टायर सुटतो. शिवाय इतकी खाली घेतल्यावर लोअर आर्म (चाकाला खालून गाडीशी जोडणारे दांडे) बाहेरच्या टोकाकडे वर चढलेले दिसत होते. मॅकफर्सनमध्ये असं झालं की रोल सेंटर (वळणात गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो) गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतं आणि खाली बसवलेली गाडी झुकायला उलट जास्त बघते. कडक स्प्रिंगने जे कमावलं त्यातलं निम्मं मी दिसण्यावर उडवलं होतं.

गाडी 25 मिमी वर घेतली. लोअर आर्म जवळपास आडवे आले, कॅम्बर (चाकाचा उभा कल) पुढे उणे अडीच अंश, म्हणजे चाकाचा वरचा भाग आत झुकलेला, करून घेतला. मग कुठे पैसे वसूल व्हायला लागले.

फरक जाणवतो तो सलग कोनांच्या नागमोडी रांगेत. पूर्वी डावीकडून उजवीकडे वळताना गाडी आधी लोळायची, मग थांबायची, मग वळायची. तेवढ्या वेळात पुढचा कोन अंगावर यायचा. आता हात फिरला की गाडी फिरते. मोठ्या गोल वळणात मात्र फार काही कमावलं नाही, तिथे शेवटी टायरच बोलतात.

रिबाउंडचे क्लिक लावायला तीन स्पर्धा गेल्या. एका वेळी एकाच टोकाचे तीन क्लिक बदलायचे आणि लिहून ठेवायचं, हा शिरस्ता पाळला. पुढे फार कडक केलं तर लागोपाठच्या खड्डे-उंचवट्यांवर चाकाला परत खाली यायला सवड मिळत नाही, गाडी हळूहळू स्वतःलाच खाली ओढत नेते. सध्या पूर्ण मऊपासून मोजून पुढे 7, मागे 10.

नुसती माझी वेळ सांगून उपयोग नाही, कारण आठ महिन्यांत चालवणाराही थोडा शिकलाच असेल. पण एका दोस्ताकडे हेच मॉडेल आहे, हेच टायर, सस्पेन्शन कंपनीचं. आधी साठेक सेकंदांच्या फेरीत तो माझ्यापुढे तीन दशांश असायचा. आता मी त्याच्यापुढे आठ-नऊ दशांश असतो. कोन पाडला की दोन सेकंदांचा दंड, तो हिशेब वेगळा. (कोन मी अजूनही पाडतो.)

रोजच्या वापरात कंबर बोलते. मागे बसणारी मंडळी स्पीडब्रेकर आला की आधीच सावरून बसतात. पाचव्या आठवड्यात पुढून कटकट आवाज सुरू झाला. ज्या गॅरेजमध्ये काम केलं तिथे गाडी जॅकवर लटकलेली असतानाच लोअर आर्मचे बोल्ट आवळले होते, त्यामुळे चाकं जमिनीवर आली की आर्मच्या सांध्यातले रबर बुश कायम पिळलेले राहायचे. एक तर फाटलाच. बोल्ट ढिले करून, गाडीचं वजन चाकांवर देऊन पुन्हा आवळले. हे करून घ्या, आणि समोर उभं राहून करून घ्या.

टायर जुने असतील तर आधी टायर घ्या, त्यांतून मिळणारी वेळ यापेक्षा जास्त आहे. तुमच्या वर्गात स्प्रिंग बदलायला परवानगी आहे का तेही नियमावलीत बघा. काही नियमावल्यांत साध्या वर्गात शॉक चालतात, स्प्रिंग नाही.

तक्रार म्हणाल तर एकच. परवा गाडी धुताना पुढच्या डाव्या शॉकच्या दांड्यावर तेलाची पुसट ओल दिसली. मोनोट्यूबचं सील धुळीला फार हळवं असतं, म्हणूनच दांड्यावर रबरी आवरण दिलेलं असतं. त्या बाजूचं आवरण झिप टाय नीट दिसावा म्हणून मी काढलं होतं. ते अजून माझ्या टूलबॉक्समध्ये आहे.