साथीच्या काळात इन्स्टिट्यूट किती कामी आली? आयसीएआयच्या सोयींचा वापरानंतरचा अनुभव

टाळेबंदी लागली २५ मार्च २०२० ला, आर्थिक वर्ष संपायला आठवडा असताना. सीए ऑफिसांसाठी याहून वाईट मुहूर्त सापडला नसता. तेव्हापासून २०२१ च्या दुसऱ्या लाटेपर्यंत आयसीएआयच्या, म्हणजे सीएंची देशपातळीवरची संस्था असलेल्या इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडियाच्या, बऱ्याच सोयी वापरून झाल्या. सगळ्यांना सारखे गुण देता येत नाहीत.

सगळ्यात जास्त कामी आला यूडीआयएन, म्हणजे सीएने सही केलेल्या कागदाला पोर्टलवर घ्यायचा खास ओळख क्रमांक, आणि तो साथीसाठी केलेलाच नव्हता. १ जुलै २०१९ पासून तो सगळ्याच ऑडिट आणि अटेस्ट कामांना सक्तीचा झाला होता. त्यामुळे बँकेला नुसतं स्कॅन केलेलं सर्टिफिकेट पाठवलं, तरी ते खरं की खोटं हे बँकेला पोर्टलवर नंबर टाकून पाहता येत होतं. नंबरात १८ अंक-अक्षरं: पहिले दोन अंक वर्षाचे, पुढचे सहा सभासद क्रमांकाचे, उरलेली दहा यंत्रणेची. कागद अपलोड करायचा नसतो. प्रकार, तारीख आणि ठळक आकडे भरले की ओटीपी येतो. घोळ होतो तो आकड्यांत. क्लायंटने मागाहून उलाढाल बदलली, तर घेतलेला यूडीआयएन दुरुस्त होत नाही. कारण देऊन रद्द करायचा आणि नवा घ्यायचा. ऑफिस घरोघरी विखुरलं की दुसरा धोका असतो: पार्टनरचं डीएससी (डिजिटल सही) टोकन आणि पिन सोयीसाठी असिस्टंटच्या घरी जातात. हे करू नये. मसुदा असिस्टंटने भरावा, सही ज्याची त्यानेच करावी.

त्यानंतर नंबर लागतो मार्च २०२० च्या अकाउंटिंग-ऑडिटिंग अ‍ॅडव्हायझरीचा, म्हणजे इन्स्टिट्यूटच्या सल्लापत्राचा. गोदामापर्यंत जाताच येत नसेल तर ३१ मार्चचा स्टॉक कसा तपासायचा, हा तेव्हा खरा पेच होता. एसए ५०१ मध्ये (एसए म्हणजे ऑडिटचं मानक) वाट आधीपासून आहे: मोजणी दुसऱ्या तारखेला घ्या आणि मधले व्यवहार तपासा. समजा १५ जूनला ४,२०० पोती मोजली. १ एप्रिलपासून १,१०० बाहेर गेली, ९०० आत आली. मग ३१ मार्चला ४,२०० अधिक १,१०० वजा ९००, म्हणजे ४,४०० असायला हवीत. गणित सोपं आहे, पण ते टिकतं चलनांवर. म्हणून मोजणी सुरू होण्याआधीच शेवटचं आवक चलन आणि शेवटचं जावक चलन यांचे नंबर लिहून घ्यायचे.

मोजणी व्हिडिओ कॉलवर घ्यायची असेल तर कॅमेरा कुठे न्यायचा हे ऑडिटरने सांगायचं, स्टोअरकीपरने नाही. आधी गेट आणि गोदामाची पाटी, मग रांगा. एक थप्पी मोजून झाली की तिच्यावर खडूची खूण करायला लावायची, नाहीतर तीच थप्पी दुसऱ्या बाजूने पुन्हा दिसते आणि दोनदा धरली जाते. ऑडिटरने निवडलेले काही खोके उघडून दाखवायला सांगायचं. मागच्या रांगेत रिकामे खोके असणं नवं नाही. यादीवरून मालाकडे आणि मालावरून यादीकडे, अशी दोन्ही बाजूंनी तपासणी हवी. नेट गेलं तर तुटलेल्या जागेपासून नाही, आधीच्या खुणेपासून पुन्हा सुरू करायचं. जॉबवर्कसाठी आलेला परका माल वेगळा न ठेवल्याने स्टॉक फुगलेला दिसतो, तेही विचारायचं. एवढं करूनही पुरेसा पुरावा मिळाला नाही, तर एसए ७०५ प्रमाणे ऑडिट रिपोर्टमधला अभिप्राय बदलावा लागतो. इथे क्लायंटची समजूत घालताना अ‍ॅडव्हायझरीचा कागद पुढे ठेवता येतो. त्याचं मोल तिथे कळतं.

देणेकरी-घेणेकऱ्यांची कन्फर्मेशन्स (बाकी बरोबर असल्याची त्यांची खात्रीपत्रं) ईमेलवर घेताना उत्तर थेट ऑडिटरच्या पत्त्यावर यायला हवं. क्लायंटने फॉरवर्ड केलेल्या मेलला एसए ५०५ च्या कन्फर्मेशनची किंमत नाही.

सीपीई अवर्ससाठी, म्हणजे सभासदांनी पुऱ्या करायच्या सततच्या शिक्षणाच्या तासांसाठी, व्हर्च्युअल मीटिंग्ज चांगल्या चालल्या. लॉगिन स्वतःचंच हवं, एवढं पाळलं की पुरे. गावाकडच्या सभासदाला मुंबई-पुण्याच्या सत्राला बसता आलं, हा फायदा मोठा.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत हात आखडता घ्यावा लागतो. इन्स्टिट्यूटचा शिक्षण विभाग असलेल्या बोर्ड ऑफ स्टडीजचे मोफत लाइव्ह क्लास उत्तम. आयसीआयटीएसएस या आयटी आणि सॉफ्ट स्किल्सच्या कोर्सचे आयटी वर्ग ऑनलाइन झाले तेही बरं, फक्त मोबाइलवर ते जमत नाहीत. शिक्षकाची स्क्रीन बघता बघता एक्सेल करायचं तर लॅपटॉपच लागतो. टाळेबंदीतली गैरहजेरी आर्टिकल्सच्या (सीए फर्ममध्ये प्रशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांच्या) रजेत धरली नाही, हेही योग्यच. पण परीक्षा! मे २०२० ची परीक्षा २ मेवरून १९ जून, तिथून २९ जुलै, आणि अखेर ३ जुलैला रद्द होऊन नोव्हेंबरच्या परीक्षेत विलीन. दर बदलाला उजळणीचं वेळापत्रक आणि ऑफिसमधली स्टडी लीव्ह दोन्ही विस्कटत होती. केंद्रं उपलब्ध नव्हती हे मान्य. तरी एकदाच लांबची तारीख दिली असती तर परवडलं असतं. २०२१ ला ५ जुलैची परीक्षा तोंडावर असताना, ३० जूनला सुप्रीम कोर्टाने डॉक्टरच्या प्रमाणपत्रावर, आरटीपीसीआरशिवाय, ऑप्ट-आउटची, म्हणजे त्या परीक्षेला न बसण्याचा पर्याय घेण्याची, मुभा दिली. असा पर्याय कोर्टात न जाता मिळायला हवा होता.

पैशांच्या मदतीसाठी सीएबीएफ, म्हणजे चार्टर्ड अकाउंटंट्स बेनेव्होलंट फंड (गरजूंसाठीचा मदतनिधी) आहे, १९६२ पासून. वर्गणी भरली नाही म्हणून आपल्याला काही मिळणार नाही, असा अनेकांचा समज. तो चुकीचा आहे: आजी-माजी सभासद, वर्गणीदार असोत नसोत, त्यांची पत्नी, मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांना मागता येतं. विद्यार्थ्यांसाठी वेगळा फंड आहे. ऑफिसातल्या अकाउंटंट आणि शिपायांना मात्र या फंडात जागा नाही. त्यांचा भार फर्मनेच उचलायचा. अर्ज करणार असाल तर हॉस्पिटलची मूळ बिलं विमा कंपनीकडे देण्याआधीच त्यांच्या आणि डिस्चार्ज समरीच्या साक्षांकित प्रती काढून ठेवा. क्लेम लागल्यावर मूळ कागद परत मिळवणं जिकिरीचं होतं.