कॅम्पसची ये-जा सोडून ऑनलाइन तास आणि जवळचं केंद्र: सत्रभर वापरल्यावर (माइकबद्दल जरा जास्तच)

रेकॉर्डिंग होतं, चित्र स्वच्छ होतं, फळ्यावरचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. फक्त आवाज नव्हता. तोही सत्रातल्या सगळ्यात अवघड प्रकरणाला. मदत कक्षाला लिहिलं तर उत्तर आलं, 'ब्राउझरचा कॅशे साफ करून पाहा.' केला. मग, 'दुसऱ्या उपकरणावर पाहा.' पाहिलं. मग तक्रार 'निवारण झाले' म्हणून परस्पर बंद. शेवटी सरांनाच विचारलं, तेव्हा कळलं की त्या दिवशी त्यांचा माइक म्यूटवरच राहिला होता. समोर बसलेल्यांना आवाज येतच होता, मग कोण सांगणार? तो राग अजून उतरलेला नाही, त्यामुळे सूर तिखट लागला तर चालवून घ्या.

नोकरी सांभाळून सांख्यिकीची पदविका करतेय. आधीचं सत्र कॅम्पसवर जाऊन केलं. या सत्रात व्याख्यानं ऑनलाइन आणि गणितं सोडवायला आठवड्यातून एकदा घराजवळचं अभ्यासकेंद्र. वेळ वाचतो, प्रवासखर्च वाचतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण वाचलेला वेळ अभ्यासात जातो असं कुणी समजू नये. माझा सुरुवातीला सरळ झोपेत गेला, आणि ते बरंच झालं. कॅम्पसवरच्या संध्याकाळच्या तासाला मी हजर असायचे, हजेरीपुरती.

खरी कमाई आहे पॉजच्या बटणाची. आमचे सर 'हे तर उघडच आहे' म्हणून दोन पायऱ्या गाळतात. नमुन्याच्या सरासरीचा व्हेरियन्स (म्हणजे आकडे किती विखुरलेत त्याचं माप) काढताना मूळ व्हेरियन्सला नमुनासंख्येने, म्हणजे नमुन्यात जितक्या नोंदी त्या आकड्याने, भागायचं, हे वर्गात मी नुसतं उतरवून घेतलं होतं. घरी व्हिडिओ थांबवून वहीवर मांडलं. बेरजेचा व्हेरियन्स नमुनासंख्येच्या पटीत वाढतो, पण सरासरीसाठी केलेला भागाकार व्हेरियन्समधून बाहेर येताना वर्ग होऊन येतो. दोन्ही मिळून खाली एकच नमुनासंख्या उरते. बस, एवढंच होतं. वर्गात हात वर करून विचारायचा धीर झाला नसता.

वेगाचंही तसंच. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी 2021 मध्ये तपासलं होतं: व्याख्यान दुप्पट वेगाने पाहिलं तरी समजण्यात फारसा फरक पडत नाही, त्यापुढे गेलं की पडतो. मी प्रस्तावना दुप्पट वेगाने पळवते आणि सिद्धता आली की मुकाट्याने एकपटीवर येते.

आता माइक. यावर मी कितीही बोलू शकते. वर्ग आणि ऑनलाइन दोन्ही एकदम चालवायचं असतं, आणि माइक कुठला, तर टेबलावरच्या लॅपटॉपचा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण 6 डेसिबलने उतरतो. सर फळ्याकडे निघाले की आवाज खोल जातो, खोलीतला घुमारा मात्र आहे तिथेच राहतो. वरून सॉफ्टवेअरचं गोंगाट कमी करणारं फिल्टर. मागच्या बाकावरून कुणी प्रश्न विचारला की ते त्याला गोंगाटात जमा करून गाळून टाकतं, आणि आम्हाला थेट सरांचं 'हो, बरोबर' ऐकू येतं. काय बरोबर? एक कॉलरचा माइक आणि प्रश्न पुन्हा म्हणून दाखवायची सवय, एवढ्यात हे मिटतं. व्याख्यानासाठी कॅमेरा चांगला नसला तरी निभतं, आवाज नसेल तर काहीच उरत नाही. संस्था मात्र दर वेळी कॅमेराच नवा घेते.

केंद्राबद्दल माझं मत सत्राच्या मध्यावर बदललं. आधी वाटायचं, ज्यांच्याकडे नेट नीट नाही त्यांची ती सोय. पण गणितं सोडवण्याचा तास ऑनलाइन करून पाहिला आणि सगळे 'तुम्ही बोला', 'नाही, तुम्ही बोला' यातच अडकले. बोलण्यातला एका बाजूचा उशीर 150 मिलिसेकंदांच्या आत असावा, ही दूरसंचारातली जुनी शिफारस आहे. त्यापुढे गेला की माणसं एकमेकांवर आदळायला लागतात. केंद्रात आम्ही एकाच टेबलाभोवती बसतो. शेजारच्या वहीत डोकावून 'अगं, इथे मुक्तांश (मोकळेपणी बदलू शकणाऱ्या आकड्यांची संख्या) एकाने कमी होतो' म्हणायला सेकंदही लागत नाही. असल्या चुका स्क्रीनवर दिसत नाहीत, कारण वही कुणाच्याच कॅमेऱ्यात नसते.

त्यामुळे नुसतं ऑनलाइन घेऊ का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर 'नको' आहे. मोफत ऑनलाइन अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडणारे पुरे करणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त असतात. ठरल्या वाराला कुणीतरी आपली वाट पाहतंय, हे ॲपच्या सूचनेने होत नाही.

ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी 2005 मध्ये ऊर्जेचा हिशेब मांडला होता. कॅम्पसच्या तुलनेत दूरशिक्षणाला दर विद्यार्थ्यामागे जवळजवळ 90 टक्के कमी ऊर्जा लागली. पण छापील पुस्तकांवर चालणाऱ्या दूरशिक्षणाच्या तुलनेत ई-शिक्षणाची बचत थोडीच होती. म्हणजे बचत मुख्यतः न केलेल्या प्रवासाची आणि न वापरलेल्या इमारतींची, स्क्रीनची नाही.

वापरणाऱ्यांसाठी एक किरकोळ गोष्ट: स्वतःचं चित्र दिसणं बंद करा. तासभर आपलाच चेहरा बघत बसण्याचा शीण मला आधी कळलाच नव्हता.

पुढच्या सत्रालाही हीच जोडी ठेवतेय. फॉर्मवर प्रत्यक्ष सही करायला मात्र कॅम्पसवर बोलावलंय, कामाच्या दिवशी, सकाळच्या वेळात. ऑनलाइन सही चालेल का विचारलं, तर ती तक्रारही 'निवारण झाले' म्हणून बंद केलीय.