डिझेल ट्रॅक्टरला 'इग्निशन कॉइल' लावणाऱ्या मिस्त्र्यापासून जपा

13,650 रुपये! जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ लागत नव्हता म्हणून काटोल रोडवरच्या एका मिस्त्र्याला एवढे मोजले. नाव लिहीत नाही, उद्या तोच उलटा बदनामीचा दावा ठोकायचा.

चावी फिरवली की नुसतं 'टक' व्हायचं अन् दिवे मंद. तेवढ्यावर त्यानं निकाल दिला, "भाऊ, आर्मेचर जळलं, वायरिंग बी गेली." आर्मेचर म्हणजे सेल्फच्या आतला फिरणारा भाग. मीटर लावलं नाही, बॅटरीचे टर्मिनल हलवून पाहिले नाहीत. सेल्फ खोलून आतल्या खोलीत नेला, बाहेर आला तो ताजा रंग मारून. माझाच होता का, देव जाणे. सेल्फमधले जुने कार्बन (ब्रश) मागितले तर म्हणे भंगारात गेले. सुटे भाग आपल्या डोळ्यांसमोर खोलायला लावा, जुने घरी आणा.

चिठ्ठीवर सेल्फ 7,400, वायरिंग 3,200, मजुरी 1,200 आणि इग्निशन कॉइल 1,850. कॉइल! डिझेल इंजिनात ना कॉइल, ना ठिणगीचा प्लग. दाबून तापलेल्या हवेत डिझेल आपोआप पेटतं. हे मला ठाऊक नाही? चांगलं ठाऊक आहे. पण आपल्याकडे चावीच्या स्विचलाच इग्निशन म्हणतात, संत्र्याची फवारणी खोळंबलेली, मजूर बांधावर बसून. अशा घाईत चिठ्ठी कोण वाचतं? त्यानं नेमकी तीच वेळ साधली.

महिना उलटायच्या आत पुन्हा 'टक'. गावातल्या पोरानं बॅटरीच्या मायनसवरून जंपर केबल थेट इंजिनाला लावली, चावी फिरवली, सेल्फ गरकन फिरला! बॅटरीच्या मायनसची अर्थिंगची पट्टी चेसिसला (सांगाड्याला) बसते तिथं गंज चढला होता. गंज घासला, पट्टी बदलली, खर्च 180 रुपये.

मीटर असेल तर सेल्फ मारताना बॅटरीचा मायनस आणि इंजिन यांच्यात व्होल्टेज बघा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर अर्थिंगच खराब. अन् पाना टेकवून सेल्फ शॉर्ट करू नका, गिअरात असला तर ट्रॅक्टर अंगावर येतो.

पोलीस ठाण्यात गेलो तर, "हा दिवाणी मामला, पक्कं बिल आणा." दुकानदार पक्कं बिल देतो का कधी? वर मलाच विचारलं, "तुम्ही पाहिलं नाही का?" अर्ज घ्यायला तयार नाहीत, पोच तर लांबच. हद्द त्यांची नाही म्हणून दुसऱ्या ठाण्याकडे बोट, तिथला साहेब बंदोबस्तात. चोरी झाली असती तरी हेच ऐकवलं असतं का?

ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंत फी लागत नाही, तिथं जाणार आहे. काटोल रोडवरची कॉइलवाली चिठ्ठी कुणाकडे असेल तर फाडू नका, मला हवी आहे.