जुन्या स्विफ्टचं पुढचं सस्पेन्शन घरी बदललं: अख्खा पावसाळा काढल्यावरचा अनुभव

गाडी 2009 ची स्विफ्ट, पेट्रोल, जुनं 1.3 इंजिन. पंधरा वर्षं झाल्यावर हरित कर भरून पासिंग पुढच्या पाच वर्षांसाठी करून घेतलं, म्हणजे गाडी ठेवायची हे पक्कं. त्याच सुमारास पुढून खडखड सुरू झाली. गॅरेजवाल्याने शॉकअप, त्याच्या डोक्यावरचं रबरी माउंट, वळणावर गाडीचा कल आवरणाऱ्या दांड्याचे लिंक रॉड आणि चाक खालून गाडीच्या सांगाड्याशी जोडणारे लोअर आर्म अशी यादी हातात ठेवली. लोअर आर्म वाचून माझं डोकं फिरलं, कारण ते त्याच गॅरेजमध्ये जेमतेम वर्षभरापूर्वी नवे टाकले होते. विचारलं तर म्हणाला, "साहेब, पुण्याचे रस्तेच तसे आहेत." त्या दिवशी ठरवलं, हे काम आता घरीच.

आर्म काढून बॅटरीच्या उजेडात नीट बघितले. आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा बॉल जॉइंट घट्ट, त्यावरचं रबरी टोपण (बूट) शाबूत. सांगाड्याकडच्या टोकाला आर्म ज्यातून बोल्टने जोडतात त्या पुढच्या बुशचं रबर मात्र आतल्या नळीच्या कडेने फाटलेलं, आणि दोन्ही बाजूंना चीर एकाच दिशेने गेलेली. नुसत्या खड्ड्यांचा मार असता तर बॉल जॉइंट इतका ताजा राहिला नसता. रबर पिळून फाटलं होतं.

ह्या एका गोष्टीबद्दल मी सविस्तर लिहिणार आहे, कारण शॉकअप कुठल्या कंपनीचे घ्यावेत यावर सगळे बोलतात आणि यावर कोणी बोलत नाही. बुशमधलं रबर आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही नळ्यांना चिकटवलेलं असतं. बोल्ट कसला की आतली नळी जागच्या जागी जखडते. मग आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, मधलं रबर पिळलं जातं. गाडी लिफ्टवर, चाकं लोंबकळतायत आणि तशातच बोल्ट पूर्ण आवळला, तर गाडी खाली उतरताच रबराला कायमचा पीळ बसतो. गाडी पार्किंगमध्ये उभी असली तरी तो पीळ सुटत नाही, आणि प्रत्येक खड्डा त्यात भर घालतो. लिफ्टवरच सगळं आवळून टाकलं की दहा मिनिटं वाचतात. त्या दहा मिनिटांची किंमत गिऱ्हाईक नव्या आर्मच्या रूपाने भरतं.

घरी हे करणं अवघड नाही. बोल्ट आधी नुसते हाताने बसवून, थोडे टेकवून ठेवायचे. बाकी सगळं जोडून झालं की बॉल जॉइंटच्या जवळ आर्मखाली जॅक लावायचा आणि बॉडी तिच्याखाली आधाराला लावलेल्या स्टँडवरून जरा हलेपर्यंत उचलायचा. आता सस्पेन्शनवर गाडीचं वजन आलं. या अवस्थेत टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळायच्या पान्याने, शेवटची कस द्यायची. मी त्याच वेळी आतल्या नळीवर आणि आर्मवर मिळून पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढली. गाडी जमिनीवर असताना रेघ जुळली पाहिजे. अजूनही जुळते, आणि रबराला एकही चीर नाही.

सामान नाना पेठेतून आणलं. शॉकअप बाजारातले, चांगल्या नावाचे, गॅसचे. माउंट आणि त्यातलं बेअरिंग मात्र ओरिजिनल. एकदा स्ट्रट (शॉकअप आणि त्यावरची स्प्रिंग असा अख्खा जोड) खाली उतरवला की माउंटमध्ये काटकसर करू नये, त्या रबरापायी सगळं काम पुन्हा करावं लागतं. लिंक रॉड लोकल घेतले, तेही ठीक चाललेत. ते पुढेमागे गेले तरी दोन नटांचं काम आहे.

स्प्रिंग दाबण्याचं काम मी घरी केलं नाही, कोणी करूही नये असं मला मनापासून वाटतं. दाबलेली स्प्रिंग स्वस्तातल्या कंप्रेसरवरून सटकली तर माणूस जायबंदी होतो. स्ट्रट काढून ओळखीच्या मिस्त्रीकडे नेले, त्याने थोडक्या पैशात नव्या शॉकअपवर स्प्रिंगा चढवून दिल्या. स्ट्रट मोकळा करताना ब्रेकचा कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) त्याच्या रबरी होजवर लोंबकळू द्यायचा नाही, तारेने वर बांधून ठेवायचा. आणि सगळं झाल्यावर व्हील अलाइनमेंट हवीच, नाहीतर टायर एका कडेने खाल्ले जातात.

पहिल्या महिन्यात माझं मत होतं की गॅसचे शॉकअप घेऊन पैसे वाया गेले. गाडी पुढून कडक, मागून झुलणारी. स्पीडब्रेकरवर आई मागच्या सीटवरून "अरे, हळू घे" म्हणायची. मग मागचेही त्याच कंपनीचे टाकले आणि ते मत बदललं. चार माणसं आणि सामान घेऊन खंबाटकीतून गेलो तेव्हा वळणावर गाडी जी पूर्वी एका अंगावर कलायची ती आता बसून राहते. शहरातल्या बारीक खड्ड्यांत थोडा कडकपणा जाणवतो, तो मला चालतो. पण नुसते पुढचे बदलून थांबणार असाल तर गॅसचे घेऊ नका.

खर्च गॅरेजच्या अंदाजाच्या निम्म्याच्या आत बसला, मागचे शॉकअप आणि टॉर्क रेंच धरून. रेंच तर कायमचा घरात राहिला.

मागच्या दोन्ही चाकांना जोडणाऱ्या बीमचे बुश अजून जुनेच आहेत. ते काढायला-बसवायला प्रेस लागतो, म्हणून तेवढ्यासाठी बीम मिस्त्रीकडे न्यावा लागेल. गाडीला तो परत मीच जोडणार, आणि त्याचे बोल्टही मागच्या चाकांवर वजन आल्याशिवाय आवळणार नाही.