शिसम सांगून रंगवलेलं लाकूड गळ्यात मारलं: रिव्हॉल्वरची ग्रिप बनवून घेणाऱ्यांनी वाचावं

नाशिक जिल्ह्यात बागायतदार, पेट्रोल पंपवाले, निवृत्त फौजी अशा बऱ्याच जणांकडे परवान्याचं हत्यार आहे. त्यांच्यापैकी कुणी लाकडी ग्रिप, म्हणजे हत्याराची मूठ, बनवून घ्यायच्या विचारात असेल, तर माझ्या वडिलांना, अण्णांना, कसं लुबाडलं ते आधी वाचा आणि मगच आगाऊ रक्कम द्या.

अण्णांकडे कानपूरच्या सरकारी कारखान्यात बनलेली .32 ची रिव्हॉल्वर आहे. संधिवातामुळे त्यांची बोटं आखडली आहेत आणि मूळ ग्रिप फार बारीक. ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) मागे जागा रिकामी राहते आणि गोळी सुटली की गार्ड मधल्या बोटाच्या पेरावर आदळतो. ती जागा भरून काढणारी, हातात नीट बसणारी मूठ त्यांना हवी होती.

जुन्या नाशकातल्या एका कारागिराचं नाव कुणीतरी सुचवलं. त्याने मोबाइलवर एकाहून एक सुंदर ग्रिपचे फोटो दाखवले. आज ते फोटो पुन्हा पाहिले की चीड येते, कारण त्यातल्या जवळजवळ सगळ्या रिव्हॉल्वरचं सिलिंडर, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, बाजूला उघडतं. अण्णांची रिव्हॉल्वर नळी पुढे मोडून उघडणारी, तिच्या फ्रेमचा, म्हणजे धातूच्या सांगाड्याचा, आकारच वेगळा. म्हणजे या जातीच्या हत्याराला त्याने कधी हात लावल्याचा एकही पुरावा त्या फोटोंत नव्हता.

"अण्णा, अस्सल काळं शिसम आहे. नातू वापरेल तुमचा," असं म्हणत त्याने आठ हजार सांगितले, निम्मे आधी. पैसे यूपीआयने घेतले ते भलत्याच नावावर. पावती मागितली तर "काम झाल्यावर एकदमच देतो" म्हणाला. मग हळूच म्हणाला, "हत्यार दोन दिवस इथंच ठेवून जा." अण्णांनी तिथल्या तिथे नकार दिला. परवाना नसलेल्या माणसाच्या ताब्यात हत्यार देणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याने गुन्हा आहे आणि त्यात परवानाधारकही अडकतो. यावर त्याचं उत्तर तयारच होतं: "मग जुनी ग्रिप तरी द्या, मापाला लागेल." आमचं सगळ्यात मोठं नुकसान इथे झालं. मूळ ग्रिप आम्हाला परत मिळालीच नाही. आधी "कारखान्यात राहिली", मग "मापं घेताना फुटली", नंतर फोन बंद.

नवी ग्रिप ऐन श्रावणात मिळाली. दिसायला झकास, काळपट चॉकलेटी, चकचकीत पॉलिश. आतल्या बाजूलाही काळा रंग दिलेला होता, "ओल लागू नये म्हणून". पुढे 2024 च्या विधानसभा निवडणुकीला अण्णांनी हत्यार पोलीस ठाण्यात जमा केलं. निकालानंतर घरी आणलं तेव्हा नाशकात थंडी पडली होती, हवा कोरडी. ग्रिपच्या दोन्ही बाजू फ्रेमपासून इतक्या सुटल्या होत्या की फटीत नख जाई, आणि इस्क्रूपासून खालपर्यंत बारीक चीर गेलेली. लाकूड वाळवलेलंच नव्हतं. पावसाळ्यात फुगलेलं लाकूड हिवाळ्यात आकसणारच.

परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे दाखवलं. त्यांनी रिव्हॉल्वर रिकामी असल्याची खात्री केली, इस्क्रू काढला आणि भोकाच्या आत ब्लेडचं टोक फिरवलं. कागदावर पडलेला भुसा तांदळाच्या पिठासारखा फिकट होता. शिसम आतपर्यंत तपकिरी असतं, जांभळट-काळ्या रेषा आरपार जातात, आणि ते हाताला जड लागतं. इथे कुठलंतरी हलकं, स्वस्त लाकूड रंगवलेलं होतं. शिवाय मुठीत हॅमरची (काडतुसावर आघात करणाऱ्या घोड्याची) स्प्रिंग असते, तिच्यासाठी लाकडाला आतून खाच घ्यावी लागते. याने ती अर्धवट कोरली होती आणि स्प्रिंग लाकडाला घासत होती. अण्णांना ट्रिगर जड का लागतो याचं कोडं तिथे सुटलं. स्वसंरक्षणाच्या हत्यारात असली हयगय करणाऱ्या माणसाचा मला अजूनही संताप येतो.

म्हणून कळकळीने सांगतो: मूळ ग्रिप कुणाच्याही हवाली करू नका. दुरुस्तीचा परवाना असलेल्याकडेच जा, मापं समोर बसून द्या, कागदावर आकार काढून घेऊ द्या. लाकूड शिसम असो की अक्रोड, पॉलिश करण्याआधी बघायला मागा. आतली बाजू रंगवू देऊ नका. तेलाचा हात पुरे. उरलेले पैसे ग्रिप बसवून, रिकाम्या हत्याराचा ट्रिगर तपासूनच द्या. बिलावर लाकडाचं नाव लिहून घ्या.

आणखी एक. याच माणसाने अण्णांना "जास्त पैसे द्या, सांबरशिंगाची करून देतो" असंही सुचवलं होतं. तिकडे चुकूनही वळू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली सांबरशिंगाच्या व्यापाराला बंदी आहे. शिंग आपोआप गळून पडलेलं होतं, ही सबब तिथे चालत नाही.

आम्ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, 1915 वर, तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतोय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. यूपीआयची नोंद, फोटो, त्याचे मेसेज सगळं जपून ठेवलंय. याच प्रकारे तुमचीही ग्रिप कुणी "मापाला" म्हणून नेऊन परत केली नसेल, तर तुम्हीही तक्रार करा.