फिरतीवर लॅपटॉपला नेट: हॉटस्पॉट, डोंगल आणि पॉकेट राउटर वापरून झाल्यावर

कामानिमित्त सतत फिरती आणि लॅपटॉप उघडला की नेट हवंच. त्यामुळे बरेच महिने फोनचा हॉटस्पॉट, लॅपटॉपला खोचायचा सिमवाला यूएसबी डोंगल आणि सिम टाकायचा पॉकेट राउटर असं तिन्ही आलटून-पालटून वापरलं. सध्या बॅगेत राउटर आहे, पण वेगासाठी नाही. फोनमध्ये एका कंपनीचं सिम आणि राउटरमध्ये दुसऱ्या कंपनीचं, एवढ्यासाठीच तो ठेवलाय. एकाची रेंज गेली की बहुतेक ठिकाणी दुसऱ्याची असते. दोन्हीकडे एकाच कंपनीचं सिम घालणार असाल तर राउटरवर पैसे घालवू नका. आणि दुसरं सिम घेताना नीट चौकशी करा, कारण काही कंपन्यांचे स्वतःचे टॉवरच नसतात. त्या दुसऱ्याचं नेटवर्क भाड्याने घेऊन आपल्या नावाने सिम विकतात.

राउटरच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत १५० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) असा वेग छापलेला असतो. ती ४जीच्या कॅट ४ या वर्गातल्या मोडेमची, म्हणजे टॉवरशी बोलणाऱ्या भागाची, कागदावरची कमाल. टॉवर आपल्या एकट्यासाठी उभा केलेला नसतो, त्यामुळे हा आकडा हाती लागत नाही, आणि लागायची गरजही नाही. व्हिडिओ कॉल तीन-चार एमबीपीएसवर व्यवस्थित चालतो, फक्त तेवढा वेग अपलोडलाही हवा आणि सलग हवा. खोक्यावर खरं वाचायचं ते बारीक अक्षरात, म्हणजे कोणकोणते बँड (लहरींचे पट्टे) चालतात ते. ७००, ८००, ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांबवर पोचतात आणि भिंतींतूनही आत येतात. २३००-२६०० वर वेग चांगला मिळतो, पण टॉवर जवळ असेल तर. आपल्या कंपनीचे हे कमी मेगाहर्ट्झचे बँड राउटरला चालत नसतील, तर गावाबाहेर फोनला रेंज आणि राउटरला ठणठणाट! दुसऱ्या देशातल्या बाजारासाठी बनलेलं स्वस्त मॉडेल घेतलं की हे हमखास होतं.

राउटरचा मला सर्वांत आवडलेला उपयोग म्हणजे तो आपल्यापासून लांब ठेवता येतो. त्याच्या सेटिंगच्या पानावर आरएसआरपी नावाचा, टॉवरच्या सिग्नलचा जोर सांगणारा आकडा दिसतो. तो उणे असतो आणि शून्याच्या जितका जवळ तितकं बरं. एका खोलीत टेबलावर तो उणे ११४ दाखवत होता आणि कॉलवर समोरच्याचा आवाज तुटत होता. राउटर उचलून खिडकीच्या काचेला टेकवला, तर उणे १००. दिसायला फरक १४चा, पण हा डेसिबलचा हिशेब आहे, म्हणजे सिग्नल साधारण २५ पट जोरदार झाला. फोनच्या पट्ट्यांवरून यातलं काहीच कळत नाही. फोन असा खिडकीत सोडून बसताही येत नाही, तो हाताशी लागतोच. डोंगल तर लॅपटॉपलाच चिकटलेला. लांबवायचा तर एक्स्टेंशन वायर. मी तो वापरणं बंद केलं.

हॉटस्पॉट वायफायवर चालवण्यापेक्षा यूएसबी वायरने जोडा. गर्दीच्या जागी २.४ गिगाहर्ट्झवर सगळ्यांचे वायफाय एकमेकांवर आदळत असतात, वायरला ती कटकट नाही. शिवाय फोन चार्ज होत राहतो. डेटा प्लॅनची अटही वाचून घ्या, काही प्लॅनमध्ये हॉटस्पॉटची मर्यादा वेगळी असते.

डेटा खरा खातो तो लॅपटॉप. फोनला निदान आपण मोबाइल नेटवर आहोत हे माहीत असतं, लॅपटॉपला राउटर म्हणजे नुसतं वायफाय. मग अपडेट, फोटोंचं सिंक, सगळं मागच्या मागे सुरू. विंडोजमध्ये त्या वायफायला ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे डेटा मोजका आहे) करून ठेवा, मॅकमध्ये ‘लो डेटा मोड’. हिशेब सोपा आहे, आठ मेगाबिटचा एक एमबी: सलग एक एमबीपीएस तासभर चाललं की ४५० एमबी गेले.

बॅटरीबद्दल तक्रार आहे. रेंज कमजोर असली की मोडेम जास्त ताकदीने सिग्नल पाठवतो, राउटर तापतो आणि खोक्यावर लिहिलेले तास कुठल्या कुठे जातात. कायम चार्जरला लावून ठेवला तर बॅटरी फुगण्याची भीती. बॅटरी काढता येते असंच मॉडेल बघा. विमानात सुटी बॅटरी चेक-इनच्या सामानात टाकता येत नाही, जवळच्या बॅगेत ठेवावी लागते.

चालत्या ट्रेनमध्ये महत्त्वाचा कॉल मी आता ठेवतच नाही. पत्र्याचा डबा आणि सतत बदलणारे टॉवर, तिथे दोन सिम असूनही फारसा फरक पडत नाही. मेल आणि लिखाण निभतं.

क्वचित फिरणाऱ्याला फोन आणि चांगली वायर पुरे. लॅपटॉपमध्येच सिम किंवा ई-सिमची सोय हवी असेल तर ती खरेदीच्या वेळीच घ्या. नंतर मोडेम कार्ड बसवायला जावं, तर बऱ्याच मॉडेलमध्ये अँटेनाच्या वायरी आत टाकलेल्याच नसतात, आणि काही लॅपटॉप तर कंपनीच्या यादीबाहेरचं कार्ड दिसलं की सुरूच व्हायला नकार देतात.